प्रलंबित आक्षेप

पहाटेचे तीन.
लष्करात धुकं असं, की गल्लीतला दिवा
दुधात टाकलेल्या बत्ताशासारखा विरघळत चाललेला.
पारा दोनवर. कुत्रीसुद्धा भट्टीच्या राखेत शिरलेली.
आणि मी खिडकी सताड उघडून
गजांना गाल लावून उभी.

आधी छातीच्या मधोमध कुणीतरी काडी ओढतं.
मग मान, कानांच्या पाळ्या, केसांची मुळं.
चार मिनिटं, कधी सहा,
माझ्या एकटीच्या अंगात मे महिना.
मग ओला गाऊन पाठीला चिकटतो
आणि थंडी परत येते,
विसरलेली छत्री न्यायला आल्यासारखी.

"अगं, गारठून मारशील मला," रजाईतून हे.
चिडून नाही. चिडले असते तर बरं झालं असतं.
हल्ली भांडण लागतं मला, चहासारखं, दोन वेळा.
परवा गजकचा डबा नीट लावला नाही
एवढ्यावरून मृण्मयीला मी असं काही बोलले
की तो आवाज माझा नव्हता.
ती गप्प. तिनं डबा उघडला,
पुन्हा बंद केला.
टक्क.

मी ऑडिटमधली. सत्तावीस वर्षं
लोकांच्या तारखा तपासतेय.
इथं पावती नाही, तिथं रक्कम दोनदा,
लाल पेन्सिलीची खूण, समासात आक्षेप.
माझाही हिशोब होता, तेलाच्या दुकानानं दिलेल्या कॅलेंडरवर,
बारीक टिंबांचा.
अठ्ठावीस. सत्तावीस. अठ्ठावीस.
गेल्या वर्षापासून काही म्हणता काही जुळत नाही.
सतरा दिवसांनी. मग त्रेपन्न. मग घट बसवता बसवता.
दिवाळी कोरडी, डिसेंबर कोरडा,
मी पर्समधली जपून ठेवलेली पुडी काढून टाकली,
आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, हातात ताट असताना,
सगळी थकबाकी एकरकमी.
कुणाला काही बोलले नाही.
एकेकीला वाण देत गेले.

सिकरवार डॉक्टरीण म्हणाली, बीजकोश निवृत्तीचा अर्ज देतात,
मागे घेतात, पुन्हा देतात.
किती दिवस?
"चार साल. सात भी. कह नहीं सकते."
येताना टेम्पोत बसून मी शब्द शोधत होते.
आमच्यात म्हणतात, 'तिची गेली.'
गेली, याला शब्द आहे.
जाता जाता दारातून वळून बघते, चप्पल घालते,
परत आत येऊन पाणी मागते,
तिला काय म्हणायचं?

ऑफिसात हीटर एक, माणसं नऊ.
भदौरिया मॅडम बावीस वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर.
आम्ही लोणच्याबद्दल बोललो, बदल्यांबद्दल, महागाई भत्त्याबद्दल,
तिच्या जावेबद्दल तर फारच.
मंगळवारी दुपारी काडी ओढली गेली तशी मी उठले,
स्विचकडे हात नेला.
तिथं आधीच एक हात होता.
बांगड्यांच्या वर घामाची बारीक रेघ.

"कब से?"
"दिवाली से. आप?"
"दो साल."

दोन वर्षं! समोर बसून!
माझ्या तोंडून जे निघालं ते हसू होतं बहुतेक,
तिलाही ते लागलं,
फायलींवर डोकं टेकवून आम्ही दोघी हसलो, डोळे पुसले, पुन्हा हसलो.
मफलरमधून नवा पोरगा, गुर्जर, म्हणाला,
"मैडम, ठंड लग रही है."
"स्वेटर पहनो बेटा,"
दोघींनी एकदम.

आता तीन वाजून बारा.
उशीपाशी फोन उजळतो, हे कूस बदलतात.
'जाग रही हो?'
मी गजांतून हात बाहेर काढते.
मुठीत धुकं येत नाही, गारवा तेवढा येतो.
तोच हात पुसून लिहिते,
'हाँ. खिड़की पर.'